दादाची जीभ

आमच्या गोदीत जहाजाच्या पत्र्याला रंग लावायच्या आधी तो गोड्या पाण्यानं धुवायचा, हा पहिला नियम. समुद्राचं मीठ रंगाखाली राहिलं की ओल धरतं, रंगाला फोड येतात आणि आतून गंज चढतो. धुवायचं काम माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं. रंग कालवणं आणि मारणं माझं. धुऊन झालं की दादा ओल्या पत्र्यावरून बोट फिरवायचा, जिभेला लावायचा आणि ओरडायचा, "गोड!" मगच मी रंगाचा डबा उघडायचो. मीठ मोजायचं मीटरबिटर सगळं मागाहून आलं. मालकांचा भरवसा अजून दादाच्या जिभेवर.

आणि माझा? अहो, वडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं, बोटाला धरून गोदीत आणलं. त्याच्यावर शंका घ्यायची म्हणजे पापच की!

परवा आम्हीच रंगवलेलं एक जहाज परत आलं. बुडाला हे कांजिण्यांसारखे फोडच फोड. मी एक फोड फोडला, पाणी चाखलं. चक्क खारट! गोड्या पाण्याचा पाइप लांबून ओढायला नको, म्हणून या गड्यानं समुद्राचंच पाणी मारलं होतं आणि वर खुशाल "गोड" म्हणून ओरडला होता.

"धुण्यातच मीठ राहिलंय," मी मालकांना सांगितलं.

"का तू रंगात थिनर जास्त ओतलास?" मालक तडकले. "ज्याची चूक, तो आजपासून घरी. दादा, तुम्ही चाखा बरं."

दादानं फोडातल्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"गोड आहे," तो म्हणाला. "थिनरचाच घोळ."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच! इतका संताप आला म्हणून सांगू! मालकांनी माझा गेटपास काढून घेतला.

गेटबाहेर दादा लंगडत मागून आला. "रागावू नकोस रे. तुला कुठंही काम मिळेल. माझे गुडघे गेलेत, या वयात मला दारात तरी कोण उभं करणार?"

खरं होतं ते. म्हणूनच जास्त जळलो.

"अरे, बाजूला घेऊन एका शब्दानं सांगितलं असतंस, तर थिनर मीच जास्त ओतला म्हणून मी आपण होऊन बोललो असतो," मी म्हणालो. "तू मला विचारलंसुद्धा नाहीस, दादा."