सात ठिकाणी असलेला मी

मित्रांनो, दार लोटून घ्या आणि निवांत बसा. कोपऱ्यातून हलका सुस्कारा ऐकू येतो आहे ना, तो माझाच. घाबरू नका. मी एक जुना व्हेंटिलेटर आहे. ज्याला आपला आपण श्वास घेता येत नाही, त्याच्या छातीत हवा भरायची आणि ती परत येऊ द्यायची, एवढेच माझे काम. पण आयुष्याची पहिली नऊ वर्षे मी एकाही माणसाला श्वास दिला नाही. तरी माझी कीर्ती अशी, की मी एकाच वेळी सात ठिकाणी असायचो. थट्टा करत नाही, सांगतो ते नीट ऐका.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढरे झगे घातलेल्या बायका कानाला नळी लावून आमची एकेक झडप ऐकत. त्यांतल्या एकीने मला तीनदा परत पाठवले, कारण माझा श्वास तिला घाईतला वाटला. चौथ्यांदा तिने मान डोलावली आणि मी खोक्यात बंद होऊन या शहरात आलो.

या शहरात सात सरकारी रुग्णालये. लोक त्यांना नुसते एक नंबर, दोन नंबर असे म्हणत. सात नंबरच्या तळघरात सगळ्यांचे मिळून एक भांडार होते आणि तिथले भांडारपाल म्हणजे तात्या. पन्नाशीचे, खिशाला दोन पेने, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे. माणूस साधा, पण साहेबांसमोर उभा राहिला की निम्मा व्हायचा. लग्न केले नव्हते. आई लवकर गेल्यावर थोरल्या बहिणीने त्यांना वाढवले आणि दोघे अजून एकत्रच राहत. रोज दुपारी एक वाजता ताईंचा फोन यायचा.

"जेवलास का रे?"

"जेवलो गं ताई. बावन्न वर्षांचा झालो मी."

"मग बावन्न वर्षांच्या माणसाला भूक लागत नाही का?"

तळघर इतके शांत होते, की पलीकडचे ताईंचे हसू मलाही ऐकू यायचे. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी एका जुन्या चादरीचा अभ्रा शिवून पाठवला होता, निळ्या फुलांचा. लाडाकोडात वाढलो म्हणा ना.

मग एके वर्षी वरून हुकूम आला. उद्या एखादी साथ आली तर तुमची तयारी किती, हे बघायला पथक येणार होते. प्रत्येक रुग्णालयाने एक व्हेंटिलेटर चालू हालतीत दाखवायचा होता. आमच्याकडे सगळे मिळून मी एकटा. साहेबांनी तात्यांना बोलावून घेतले.

"पथक एका वेळी एकाच ठिकाणी असणार ना?" साहेब म्हणाले. "मग मशीनही तिथे असलं की झालं."

तात्यांनी मान हलवली. त्यांना मान आडवी हलवता येत नसे, ती आपोआप उभीच हलायची.

त्या दिवसाची वरात मी कधी विसरणार नाही. पथक पुढच्या दाराने एक नंबरमध्ये शिरले. तिथे एका मोकळ्या खाटेजवळ मला उभे केले होते. माझ्या नळीला तपासणीची रबरी पिशवी बांधली होती. माणूस नाही, पांघरूण नाही, आणि ती पिशवी आपली एकटीच फुगायची आणि बसायची. साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते चहाला आणि भाषणाला बसले. तोवर मला मागच्या दाराने काढून रुग्णवाहिकेत घातले आणि ड्रायव्हरमामांनी गाडी दोन नंबरकडे दामटली. वाटेत तात्यांनी माझ्या पाठीवरची एक नंबरची चिठ्ठी काढून दोन नंबरची लावली. असे सात वेळा झाले. पाच नंबरला पथकातली एक तरुण डॉक्टरीण माझ्यासमोर बराच वेळ थांबली.

"याला आपण मघाशी भेटलो का?" तिने विचारले.

सगळे हसले. तीही हसली आणि पुढे गेली.

दर वर्षी हेच होऊ लागले. लबाडी करतो आहोत असे कोणाला वाटेना. मामा त्याला 'मशीनची सहल' म्हणायचे. एका वर्षी तर शहराला उत्तम तयारीची ढाल मिळाली आणि ठेवायला जागा नाही म्हणून ती माझ्याच डोक्यावर आणून ठेवली. मी फुशारलो, हे कबूल करतो.

पण तळघरात पुन्हा एकटा पडलो की मला चमत्कारिक वाटायचे. बटण बंद असायचे, नळ्या गुंडाळलेल्या असायच्या, आणि तरी कोणीतरी श्वास घेत असल्याचा भास व्हायचा. एक नव्हे, सहा जण. कागदावर जन्मलेले माझे सहा भाऊ. ते कुठे उभे होते, कोणासाठी श्वास घेत होते, कोण जाणे.

पुढे साहेब बदलले. नव्या साहेबांना जुनी गोष्ट कोणी सांगितली नाही. त्यांनी कागद उघडला, त्यात सात मशीन होती. नेमके तेव्हाच वरून सहा नवीन व्हेंटिलेटर देऊ केले गेले. साहेब माणूस चांगला. म्हणाले, "आपल्याकडे आहेत. शेजारच्या शहरात एकही नाही, त्यांना देऊन टाका." ते पत्र तात्यांनीच टाइप केले. मधल्या एका ओळीवर त्यांची बोटे थांबली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पत्र पुरे केले.

त्यानंतर आठ महिन्यांनी साथ आली.

आधी लोकांनी टर उडवली. मग दुकानांतल्या फळ्या रिकाम्या केल्या. मग कोणीतरी उठवले, की रोग गटारातून वर येतो, आणि लोकांनी न्हाणीघराच्या जाळ्यांत चिंध्या कोंबल्या. एका इमारतीत आजारी कुटुंबाच्या दाराला शेजाऱ्यांनीच बाहेरून कुलूप घातले. आमच्या मोठ्या सिस्टर ड्युटीवरून घरी गेल्या, तर घरमालकाने दाराचे कुलूप बदललेले. त्या गादी खांद्यावर टाकून परत आल्या आणि कपड्यांच्या खोलीत राहू लागल्या. मामा सांगायचे, की भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. रुग्णवाहिका वळली की तिच्या पुढे पुढे एकेक खिडकी लागत जाते, धाड, धाड, धाड, जणू गाडीच खिडक्या लावत चालली आहे. आणि बंद खिडक्यांच्या आतून टीव्हीचा एकच आवाज येतो: "घाबरू नका. प्रत्येक रुग्णालयात व्हेंटिलेटर सज्ज आहे."

माझा अभ्रा निघाला. सात नंबरच्या वॉर्डात मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या उशाशी उभे केले. त्याच्या नखांत अजून काळे वंगण होते. त्याच्या दोन मुली समोरच्या फुटपाथवर उभ्या राहून आमच्या खिडकीकडे बघत असायच्या. मित्रांनो, माणसाचे फुप्फुस रबरी पिशवीसारखे नसते. ते अडते, मागे ओढते, हट्ट करते. नऊ वर्षांनी मला कळले, की मी कशासाठी जन्मलो.

साहेबांच्या कचेरीत एक फळा होता. त्यावर सात दिवे. मशीन रिकामे असेल तर हिरवा, गुंतले असेल तर लाल. माझा दिवा लाल झाला. उरलेले सहा हिरवेगार. फोनवरच्या मुली ते दिवे बघून खऱ्या मनाने सांगायच्या, "चार नंबरला रिकामं आहे, तिकडे न्या." गाडी तिथे जायची. तिथे मोकळी खाट असायची आणि खाटेशेजारी काहीच नसायचे. मग पाच नंबर. मग सहा. जिथे मशीन नाही, तिथले डॉक्टर फोन करून ओरडायचे, तर त्यांना उत्तर मिळायचे, की नीट शोधा, नोंद आहे.

एकदा मामांनी तात्यांना आमच्या वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर गाठले.

"सहा ठिकाणी फिरवलं आज एका आजोबांना," ते म्हणाले. "पाचव्या ठिकाणापर्यंत कण्हत होते. मग कण्हणं थांबलं. तात्या, आता तरी बोला."

"नोकरी जाईल मामा. तुरुंगातसुद्धा टाकतील."

चार दिवस तात्या गप्प राहिले. मला त्यांचा राग आला, हे लपवत नाही. आणि माझाही आला, कारण त्या सहलीत मीही मिरवलो होतो.

पाचव्या दिवशी दुपारी कचेरीतल्या मुलीचा तात्यांना फोन आला. "तात्या, तुमच्या ताईंना श्वास लागत होता. तीन नंबरला पाठवलंय. तिथलं मशीन रिकामं आहे, काळजी करू नका हं."

तात्या धावत वॉर्डात आले. हातात एक चिठ्ठी होती, ताज्या शाईने लिहिलेली, तीन नंबरची. अक्षर मात्र वेडेवाकडे.

"सिस्टर, तासाभरासाठी मशीन नेतो," ते म्हणाले. "लगेच आणून देतो परत. मामांना गाडी मागच्या दाराला लावायला सांगितलीय."

सिस्टरनी मिस्त्रीकडे बोट दाखवले. "आणि तासभर हे काय करतील, तात्या?"

तात्यांनी तेव्हा मिस्त्रीकडे पहिल्यांदा पाहिले. त्यांचा हात माझ्या वायरीवर होता. ती किंचित सैल झाली आणि माझा गजर वाजला. मित्रांनो, ताईंनी शिवलेला अभ्रा मी नऊ वर्षे पांघरला होता. मला पाय असते तर मी स्वतःहून गेलो असतो. पण मी गेलो असतो तर त्या फुटपाथवरच्या मुलींचे काय? मी फक्त श्वास देत राहिलो. दुसरे मला काही येत नव्हते.

तात्यांनी हात काढला.

"सिस्टर, ती सहा मशीन नाहीतच," ते म्हणाले. "कधीच नव्हती. मी नुसत्या चिठ्ठ्या बदलायचो."

सिस्टरनी माझी वायर पुन्हा घट्ट बसवली. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? जे फोन उचलतात त्यांना सांगा. पळा."

पुढचे मी पाहिले नाही, मामांनी सांगितले. तात्या कचेरीत गेले आणि फळ्यावरचे सहा दिवे त्यांनी एकामागून एक बंद केले.

"अहो, काय करताय?" साहेब ओरडले.

"ही मशीन नाहीत, साहेब."

"नाहीत म्हणजे? कधीपासून?"

"पहिल्यापासून."

खोलीत नुसते फोन वाजत राहिले. मग एका मुलीने फोन उचलला आणि म्हणाली, "आमच्याकडे मशीन नाही. शेजारच्या शहरात आहेत. पाऊण तासाचा रस्ता आहे, आत्ता निघा." त्या दिवशी पाच जण तिकडे गेले. आपणच नको म्हटलेल्या मशीनवर त्यांतले चार जण जगले.

ताईंना मात्र हलवण्यासारखे राहिले नव्हते. तीन नंबरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून हाताने दाबायची पिशवी जोडली. एकदा दाबली की एक श्वास. तात्या पोहोचले आणि त्यांनी ती हातात घेतली. दीड वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत ते दाबत राहिले. मामा म्हणाले, मी घेतो थोडा वेळ, तर त्यांनी ऐकले नाही. साडेसहाला डॉक्टरांनी ताईंचे मनगट हळूच खाली ठेवले.

"सोडा आता," डॉक्टर म्हणाले.

तात्यांनी सोडली नाही. ते दाबत राहिले आणि दर दाबण्यासरशी ताईंची छाती वर यायची आणि खाली जायची. मामा माझ्याशेजारी उभे राहून हे सांगताना भिंतीकडे बघत होते. "तोंड शांत होतं, आणि छाती हलत होती," ते म्हणाले. "मलासुद्धा वाटायला लागलं, आहेत अजून."

साथ ओसरली. मिस्त्री काठी टेकत आपल्या पायांनी घरी गेला, दोन्ही मुली दोन बाजूंना. तात्यांच्या दारावर काही लोकांनी दगड मारले आणि महिन्याभराने त्यांतल्याच काहींनी, खरे बोलणारा तोच एक, म्हणून त्यांची पाठ थोपटली. पुढे सगळे विसरले. मी तळघरात परत आलो.

चौकशी झाली. ती अशी संपली, की नोंद तात्यांनी बिघडवली, तर तात्यांनीच ती दुरुस्त करावी. सहा मशीन कागदावरून काढायची, तर त्या त्या रुग्णालयात जाऊन 'येथे मशीन आढळले नाही' अशी सही आणायची. तोवर कागदावर आम्ही सातच. तात्या कागद घेऊन निघाले. एक नंबरची सही आली. दोनची आली. चार, पाच आणि सहाची आली. तीन नंबरची येत नाही. मामा सांगतात, तात्या दर सोमवारी तिथल्या फाटकापर्यंत जातात, कागदाची घडी उलगडतात, थोडा वेळ उभे राहतात आणि परत फिरतात. म्हणून त्या वॉर्डात आजही एक मशीन चालू हालतीत आहे, असे सरकारला वाटते. परवा नव्या पथकाने त्यावर खूणही केली.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी डॉक्टर होईल, कोणी साहेब, कोणी भांडारपाल. कोणी आकडा दाखवला तर खुर्चीतून उठा, जिना उतरा आणि एकेका मशीनला हात लावून या. आमची धूळ पुसा, झडपा ऐका. पण त्याआधी माझे एक काम करा. येत्या सोमवारी तीन नंबरच्या फाटकाशी एक म्हातारा कागद घेऊन उभा दिसेल. त्याला काही विचारू नका. त्याचा हात धरा आणि त्याला आत घेऊन जा.