मेलेल्या रोपांचा रकाना

हवामानाच्या संगणकी प्रारूपात झाड म्हणजे चार-पाच आकडे. किती वाढतं, किती कार्बन धरतं, किती मरतं. हजीऱ्याच्या खाडीतल्या खारफुटीच्या तिवरांसाठी मी हे आकडे बसवत होते, आणि मरण्याचा आकडा काही केल्या पटत नव्हता. लागवडीच्या नोंदवहीप्रमाणे शंभरातली ब्याण्णव रोपं जगली होती. भरती-ओहोटीच्या चिखलात इतकी जगत नाहीत. तरी त्याच आकड्यावर माझं प्रारूप सांगत होतं की वीस वर्षांत किनारा हिरवा होईल, इच्छापोरकडच्या वस्तीला उधाणापासून आडोसा मिळेल, भिंत बांधायची गरज नाही. सोमवारी अहवाल द्यायचा होता.

नोंदवहीत गटप्रमुख म्हणून कलाबाईचं नाव होतं. कलाबाई म्हणजे माझी आई. पांडेसऱ्याच्या मिलमधलं काम सुटल्यावर तिने दोन वर्षं गुडघाभर चिखलात उभं राहून रोपं लावली. तिचं नाव पाहून मी आधी खूश झाले होते, हे कबूल करते.

रविवारी ती भाकरी थापत असताना मी विषय काढला. तिने काही लपवलं नाही. मोजणीचे साहेब येण्याच्या आदल्या दिवशी बाया मेलेली रोपं उपटत आणि त्या जागी पिशवीतली नवी लावत. कुणी सांगितलं नव्हतं. साहेब मेलेल्या रोपाशी लाल फीत बांधायचे, ते तिला बघवत नसे. पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतो, तसंच ते, असं तिचं म्हणणं.

"माय, दहामाईन खरं कितला जगेत?"

"तीन."

दहातली तीन, म्हणजे शंभरातली तीस. मी लॅपटॉपवर ब्याण्णवच्या जागी तीस घातले. वीस वर्षांनंतरचा किनारा जवळजवळ उघडाच राहिला. पिठाचे हात तसेच धरून ती पडद्याकडे बघत राहिली. मला तिचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. आकडा बदलायचा तर अहवालात कारण द्यावं लागणार, आणि कारणात तिचं नाव येणार. मी तसं स्पष्ट सांगितलं. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.

"लिख," ती म्हणाली. "पन जे मरनात, ते बी मीच लावेल व्हतात. ते बी लिख."