कबऱ्या झाडाची शेंडी

लामुन आजीच्या ओसरीवरचा मॉन्स्टेरा मरायला टेकला होता, आणि सगळी गल्ली त्याच्या पाया पडत होती.

झाड कबरं. पान निम्मं हिरवं, निम्मं पांढरं. गवंडी भिंतीला चुना मारता मारता जेवायला उठून गेल्यासारखं. थायलंडातल्या नोंथबुरीच्या त्या कालव्याकाठी असं झाड दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, आणि ते कुणी विसरू नये म्हणून आजीनं ते येत्याजात्याच्या नाकासमोर ठेवलं होतं. बोटभर खुंटापासून तिनं ते वाढवलेलं. पण अलीकडं त्याला काय हुक्की आली कोण जाणे, एकामागून एक पानं फुटायची ती नुसती पांढरीफटक. हिरव्याचा टिपूस नाही.

"हिरवं पान रांधतं, पांढरं बसून खातं," आजी म्हणाली. "एखादं असलं तर झाड निभावून नेतं. घरात जावई असतोच की."

घरजावई विरोत समोरच भात खात बसला होता. तो खातच राहिला.

खालची जुनी हिरवी पानं तेवढी सगळ्यांचं पोट भरत होती, आणि तीही आता पिवळी पडायला लागली होती. वरचा पांढरा शेंडा छाटला, तरच खालच्या हिरव्या पेराचा डोळा फुटला असता. आजीनं सुरी घासून पुसून हातात घेतली, तेवढ्यात समोरची पेंजान ओरडत आली.

"अहो लामुनताई, थांबा! एवढं पांढरं आपोआप होतं का? झाडात बाई आलीय."

"बाई नाही, रोग आलाय."

"असं बोलू नका, ती ऐकतेय."

संध्याकाळपर्यंत कुंडीपुढं बाईच्या नैवेद्याला लाल सरबताची बाटली आली, नळीसकट. झाडाच्या आधाराच्या काठीला रेशमी कापड गुंडाळलं गेलं. मोगऱ्याचा हार तर विरोतनंच घातला. आता सुरी लावायची म्हणजे गल्लीत कुणाचं ढोपर फुटलं तरी नाव आजीचं येणार.

त्यात लॉटरीची सोडत जवळ आलेली. घराघरातून पावडरचे डबे निघाले. पानावर पावडर चोळायची, डोळे बारीक करायचे आणि बाईनं दिलेला आकडा दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. पांढऱ्या पानावर पांढऱ्या पावडरीत काय डोंबल दिसणार? म्हणून मंडळी हिरव्या पानांकडे वळली. तिथं पेंजानला सात दिसला, विरोतला एक दिसला, आणि दोघं पानाला धरून भांडली. रांधणारी पानंच पावडरीखाली गाडली गेली. आजी फडक्यानं पुसायची. पाठ फिरवली की पुन्हा थर. अजून दोन सोडती अशा गेल्या तर झाड संपलं, हे तिला दिसत होतं.

सकाळी भिक्षूंना भात वाढायला सगळ्या बाया रांगेत गुडघ्यावर बसल्या होत्या. आजीनं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "बाई माझ्या स्वप्नात आली होती."

"आकडा सांगितला?"

"आकडा कसला, रडत होती. म्हणाली, मी आता घोडी झाले, तरी हे लोक मला शेंडी ठेवून बसवतात. पोरं हसतात."

मुलगा असो की मुलगी, लेकरू मोठं झालं की विधी करून शेंडी उतरवायची, ही तिथली जुनी रीत कुणाला सांगायला नको. चूक गल्लीचीच होती.

मग काय, थाटात विधी ठरला. शंख फुंकायला एक म्हातारा आणला. विहारातून भंतेजी आले. त्यांनी पाणी शिंपडलं, झाडाकडे नीट पाहिलं, आणि आजीच्या बाजूला झुकून हळूच म्हणाले, "हिरव्या पेराच्या वर काप. पेर शिल्लक ठेव."

आजीनं शेंडा छाटला. विड्याच्या डबीतला, हळद घालून गुलाबी केलेला चुना काढून जखमेवर थापला. आणि ती पांढरी शेंडी पेंजानच्या ओंजळीत ठेवली.

"बाईला तू ओळखलंस. आता तूच सांभाळ."

पेंजानच्या डोळ्यांत पाणी आलं. गल्ली उठली ती सरबताच्या बाटल्या घेऊन थेट तिच्या ओसरीवर. दुसऱ्या दिवशी पेंजानचा नवरा पावडरीवरून घसरला, तो आवाज आजीनं पान चघळत ऐकला.

आजीच्या झाडाला डोळा फुटला. कोवळी गुंडाळी उलगडली: निम्मी हिरवी, निम्मी पांढरी, अगदी मधोमध. आजी दिवसभर ओसरीवरून हलली नाही.

तिकडं पेंजाननं पाण्याच्या पेल्यात लावलेल्या शेंडीचं पांढरं पान सुकत सुकत वळलं, नवाच्या आकड्यासारखं. पेंजाननं नऊ लावला. आणि नऊ लागला.

तिच्या दारात कपाटाएवढा फ्रीज उतरला. "लामुनताई," ती रस्त्यापलीकडून गोड आवाजात म्हणाली, "थंड पाणी लागलं तर मागा हं. संकोच करू नका."

दुपारी घर झोपलं तेव्हा आजी दबकत ओसरीवर आली. चपला काढल्या. नव्या पानाला तिनं बोटही लावलं नाही, पण पदराआडून डबा काढून कुंडीच्या पोटावर हलकेच पावडर चोळायला लागली.

"आई, काय करताय?" विरोत दारात उभा होता.

"कुंडीला घामोळं आलंय."

"बरं."

तो वळला.

"जातोस कुठं, ऐतखाऊ," आजी म्हणाली. "ये इकडं. तुझी नजर चांगली आहे. हा सात आहे की एक?"