माझ्या दारावरचा कागद

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. घरातल्यासारखा उंच नाही, जेमतेम गुडघ्याएवढा. माझ्या पोटात कधी दूध-भाजी राहिली नाही. कारखान्यातून निघालो तो थेट एका औषधांच्या दुकानात आलो. तिथले काका प्रत्येक खोका आत ठेवताना आणि बाहेर काढताना चष्मा लावून वाचत. घाईतलं गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणत, "थांबा, वाचतोय." बारा वर्षं मी हेच ऐकलं. तेव्हा मला त्याची किंमत कळली नाही.

पुढे काकांची नजर गेली, दुकान बंद झालं, आणि एका ब्युटी पार्लरच्या ताईंनी मला नेलं. आरशाखाली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीच्या अगदी समोर मला जागा मिळाली. ताईंचा हात हलका होता. बायका त्यांच्यापुढे डोळे मिटून निर्धास्त बसत.

एके दिवशी एक विक्रेता एक्सोसोमच्या इवल्याशा कुप्या घेऊन आला. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्या निरोपांच्या या बारीक पुड्या. लावल्या की चेहरा नवा, असं त्याने सांगितलं. कोणाच्या पेशी, कुठे तपासल्या, हे ताईंनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

कुप्यांबरोबर एक कागद होता. ताईंनी तो माझ्या दारावर चिकटवला आणि 'दोन ते आठ अंशांत ठेवावे' या ओळीभोवती लाल पेनाने गोल काढला. माझी छाती फुगली. ती माझ्या कामाची ओळ होती ना.

पार्लर झाडायला मावशी येत. त्या उतारवयात अक्षरं शिकल्या होत्या, त्यामुळे दिसेल ते वाचत. फरशी पुसून झाली की माझ्यासमोर उकिडव्या बसून कागदावर बोट फिरवत. एका दुपारी ते बोट लाल गोलाच्या खाली सरकलं. फक्त अखंड त्वचेवर लावावे. सुया टोचलेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर वापरू नये. एवढं वाचायला त्यांना चांगली पाच मिनिटं लागली.

"ताई, तुम्ही तर आधी सुयांचा रोलर फिरवता."

"मावशी, चार अक्षरं काय शिकलात, माझ्याच मास्तरीण झालात की." ताई हसल्या. रोलरने बारीक भोकं पडली की औषध खोल मुरतं, सगळेच असं करतात, कागदावर काय, सतराशे साठ गोष्टी छापलेल्या असतात, असं त्यांनी समजावलं. मावशींनी फडकं पिळलं आणि बादली उचलली.

ताईंना एक धाकटी बहीण. आई गेल्यावर ताईंनीच तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं. धाकटीच्या गालांवर मुरमांचे खड्डे होते, म्हणून ती फोटोत कायम मागच्या रांगेत. आता तिला नोकरी लागली होती, तीही एका कार्यालयाच्या दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलायची. रुजू व्हायला महिना होता. ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"ताई, काही होणार नाही ना गं?"

"अगं, बघ तरी किती गार ठेवलंय. मी तुझं वाईट करीन का?"

ताईंनी माझं दार उघडून दाखवलं. मी गार होतो. मित्रांनो, त्या पोरीने माझ्या गारव्यावर विश्वास ठेवला.

ताईंनी तिच्या गालांवर रोलर फिरवला आणि वर कुपीतलं औषध लावलं. चार दिवस गाल लाल राहिले. होतंच असं, म्हणून दोघींनी कानाडोळा केला. तिसऱ्या आठवड्यात खड्ड्यांच्या जागी कडक, दुखऱ्या गाठी आल्या. रुजू व्हायचा दिवस आला आणि गेला. ताई तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, रिकामी कुपीही नेली. परतल्यावर मावशींना त्यांनी खाली मान घालून सांगितलं, "बाई म्हणाल्या, हे वरून लावायचं होतं, तुम्ही आत घातलंत. आणि आत नेमकं काय गेलंय ते या कुपीवरून मलाही सांगता येत नाही. आता औषध चाचपडतच द्यावं लागेल."

गाठी बसायला वर्ष गेलं. डाग गेले नाहीत. धाकटी पार्लरमध्ये यायची बंद झाली. एकदाच आली, घराची किल्ली न्यायला. ओढणी गालांवर घट्ट होती. ताई पिशवीत किल्ली शोधत होत्या, तोवर तिची नजर माझ्यावर पडली. तिने लाल गोल वाचला. मग त्याच्या खालचं वाचलं.

"हे तेव्हाही इथेच होतं?"

ताईंनी होकारार्थी मान हलवली.

"मी याच्या समोरच बसले होते, ताई."

ती किल्ली घेऊन गेली. ताईंनी माझी तार काढली, उरलेल्या कुप्या फेकल्या. मी आता मागच्या खोलीत आहे. डोक्यावर झाडू, पोटात अंधार, दारावर तोच कागद.

मित्रांनो, मला वस्तू गार ठेवता येते. ती चांगली की वाईट, हे मला कळत नाही. तुम्हाला वाचता येतं. गोल केलेली ओळ कोणीही वाचतो, तुम्ही तिच्या खालचीही वाचा. आणि कोणी अडखळत वाचून दाखवत असेल, तर हसू नका. मला वाचा असती, तर त्या दुपारी मी काकांसारखंच म्हणालो असतो: थांबा, मावशी वाचताहेत.