मी सांगितलेली स्वच्छ हवा

मित्रांनो, मी थॉर्नली हॉल या इंग्लंडमधल्या हवेलीच्या भिंतीवरचा जुना वायुभारमापक. उद्या ऊन की वादळ, हे माझा काटा आज सांगतो. चाळीस वर्षांत मी स्वतःहून एकदाही खोटं बोललो नाही. ही फुशारकी नव्हे, कबुली आहे.

लढाई सुरू झाली आणि शत्रूला कळू नये म्हणून रेडिओने हवामान सांगणं बंद केलं. त्याच सुमारास हवेलीचे मालक लॉर्डसाहेब यांचे मेहुणे सर ॲडरियन मुक्कामाला आले. रोज न्याहारीआधी ते माझ्या काचेवर टिचकी मारत आणि म्हणत, "शाब्बास, म्हातारबा!" मोलकरीण एडना सोडली तर माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. मग काय, हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी!

मी स्वच्छ हवा दाखवली की दुसऱ्या दिवशी जवळच्या बंदरावर शत्रूची विमानं बॉम्ब टाकायला येत. हे पहिल्यांदा एडनाने ओळखलं.

"लॉर्डसाहेब, सर ॲडरियन काटा बघतात आणि तडक तळ्यावरच्या नावघरात जातात. एकदा तिथं बघा तरी! माझी आई राहते हो बंदरात!"

"पाहुण्याची झडती? आमच्या घरात? अगं, एका शाळेत होतो आम्ही!"

बटलर पार्जिटरने तर कहरच केला. "पायरी सोडून बोलतेस? चल, सामान बांध."

एडना आईकडे गेली. चौथ्या दिवशी मी पुन्हा स्वच्छ हवा सांगितली, खरी तीच. दुसऱ्या दिवशी दुपारी बंदरातली ती गल्लीच उरली नाही. मायलेकी दोघी गेल्या.

बातमी ऐकून पार्जिटरने मला खाली उतरवलं आणि माझ्या पाठीचा, काटा सरकवणारा स्क्रू फिरवला. वादळ येऊ घातलं होतं, तरी मी 'स्वच्छ' दाखवलं. सर ॲडरियन खुशीत नावघराकडे गेले. दुसऱ्या दिवशी विमानं वादळात सापडली, बॉम्ब समुद्रात पडले. पार्जिटरने बोलावलेल्या पोलिसांना नावघरात शत्रूला संदेश धाडायचं बिनतारी यंत्र मिळालं.

"पार्जिटर, हे आठवडाभर आधी का नाही केलंस?" लॉर्डसाहेबांनी विचारलं.

"मोलकरणीचं कोण ऐकतं, साहेब? तुम्ही नाही ऐकलंत, मीही नाही."

मग पोलिसांनी वही उघडून एडनाचं आडनाव विचारलं. लॉर्डसाहेबांना ते सांगता आलं नाही. पार्जिटरलाही नाही. चार वर्षं तिने माझी काच पुसली, पण मलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा मला जी लाज वाटली, ती आजही गेलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी राबणाऱ्या माणसांची पूर्ण नावं आजच विचारून घ्या.