जोडे राखणारा यजमान

चंद्रपुरात गोंड राजाच्या समाधीवर दर मार्चात प्राचीन संगीताचा महोत्सव भरायचा. नागपूरहून बीनकार यायचे, धृपद गाणारे यायचे आणि अत्तर लावलेली मंडळी दगडी घुमटाखाली माना डोलवायची. शहाऐंशी साली समितीला एकदाचं सुचलं, की ज्याच्या छाताडावर बसून आपण हे सारं ऐकतो त्या राजाचीही आठवण काढावी. म्हणून आरमोरीकडच्या इसरू परधानाला बोलावणं गेलं. वेळ दिली पंधरा मिनिटं.

गोंडांच्या घरी जाऊन किंगरीच्या तारांवर त्यांच्या पूर्वजांची नावं गायची, हे परधानाचं काम. खुद्द राजाच्या समाधीपाशी नावं घ्यायचं भाग्य इसरूच्या बापालाही लाभलं नव्हतं. दोन दिवस म्हाताऱ्या इसरूला आनंदानं अन्न सुचलं नाही.

सकाळी अकराच्या सुमारास तो मंचावर बसला, किंगरी खांद्याला टेकवली आणि गप्प राहिला.

"करा सुरू," सचिव बापूराव म्हणाले.

"कोणी 'सांग' म्हटलं नाई अजून."

"मी म्हणतोय ना!"

"तुमी नाई, भाऊ. ज्याचे पूर्वज तो यजमान, त्यानं म्हनाव लागते. त्याच्याबिगर परधान तोंड उघडत नाई. गोंडाच्या घरचा मानूस आना."

बापूरावांनी रांगांवरून नजर फिरवली. डॉक्टर होते, वकील होते, खाणीचे साहेब होते. गोंड एकही नव्हता.

"बाहेर लालसू हाये," इसरू म्हणाला. "बलवा त्याले."

"तो जोडे राखतोय. तो आत आला तर जोडे कोण बघेल?"

इसरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजा गोंडांचा, समाधी गोंडांची, आणि गोंडाला जागा मिळाली ती यांच्या जोड्यांपाशी!

"तुमाले नावं नाई पायजे, तमाशा पायजे!" तो ओरडला आणि किंगरी घेऊन तरातरा बाहेर पडला.

दाराशी पोती अंथरून, त्यावर जोडे मांडून लालसू बसला होता. इसरूनं चार जोडे बाजूला सारले आणि समोर मांडी घातली.

"म्हन, लालसू."

लालसूनं डोक्याचा दुपट्टा सारखा केला आणि हात जोडले. "सांग, भाऊ."

किंगरी वाजू लागली. आतली मंडळी थोडा वेळ चुळबुळली, मग जेवणाची वेळ झाली म्हणून उठून बाहेर आली. फरशी उन्हानं नुसती भाजत होती, पण वाकून आपले जोडे आपण उचलणं कोणाच्याच इभ्रतीत बसेना.

"लालसू, साहेबांचे जोडे दे!" बापूराव खेकसले.

"नावं चालू हायेत," लालसू म्हणाला. "सरेपर्यंत मले उठता येत नाई."

इसरूनं त्या दिवशी काहीच गाळलं नाही. राजे घेतले, राण्या घेतल्या, धाकटे भाऊ घेतले. खाणीचे साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. इसरूनं ते पाहिलं आणि पुढचं नाव आणखी सावकाश घेतलं.