शिंपीणबाईंचा पाठ

छाती उघडून पुन्हा शिवलेल्या शिंपीदादांनी शुद्धीवर येताच आधी टाके पाहिले आणि शिवणाऱ्याचा हात बरा आहे म्हणाले. माणूस जागेवर आला म्हणून शिंपीणबाईंना हायसं वाटलं. पण ते सुख पाठवाल्या ताई येईपर्यंतच टिकलं.

हृदयाच्या ऑपरेशननंतर रोगी फार घाबरतात, म्हणून त्यांच्यापाशी बसून स्तोत्रं म्हणायला या ताई दवाखान्यात येत. आवाज खडीसाखरेचा. त्या सुरू झाल्या की दादांचा श्वास संथ होई, मशीनवरचे ठोके उतरत. सिस्टर कौतुकाने आकडा दाखवी आणि इकडे बाईंच्या अंगाचा तिळपापड होई. हीच स्तोत्रं त्या लग्न झाल्यापासून रोज सकाळी घरात म्हणत होत्या. नवऱ्याने कधी सुईवरून नजर उचलली नव्हती. आणि आता परक्या बाईच्या दोन ओळींत हे लोणी वितळतं? वर विचारतात, ताई उद्या येणार ना?

दुसऱ्या दुपारी बाईंनी ताईंना दारातच गाठलं. यापुढे पाठ मीच म्हणेन, तुम्ही कशाला दमता, असं तोंडभर हसून सांगितलं. ताई निमूट शेजारच्या खाटेकडे गेल्या.

बाई खुर्ची ओढून बसल्या आणि ताईंच्याच चालीत, हळुवार, मधाळ आवाज लावून म्हणू लागल्या. दादांनी डोळे उघडले. बायकोचा असला आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. ठोके सरसर चढले. खोकताना धरायला दिलेली उशी त्यांनी छातीशी घट्ट आवळली.

"डॉक्टर काय म्हणाले? लपवू नकोस."

"काही नाही म्हणाले. का?"

"मग एवढी गोड का झालीस?"

बाईंचं डोकंच फिरलं. गोडवा गेला खड्ड्यात. त्यांनी घरच्या भरधाव चालीत पाठ सुरू केला. एक ओळ देवाला, एक नवऱ्याला. उशी नीट धरा, पाय सरळ करा, म्हणे लपवू नकोस, आणि पुढचं कडवं. दादांची मूठ सैल झाली. थोड्या वेळाने ते चक्क घोरू लागले.

शेजारून ताईंचा सूर येतच होता, तेव्हा बाईंनी आपला आणखी चढवला. सिस्टर धावत आली. पेशंट झोपलेत, आता पुरे, म्हणाली.

"पुरे करते," बाई म्हणाल्या. "पण कोणाच्या पाठाने झोपले, ते ताईंना सांगून या आधी."